बक्षीस, तपासणी आणि फोनपलीकडचा माणूस

मद्यसेवन विकारावर बक्षिसे देऊन उपचार करता येतात ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला वरवरची, किंबहुना रुग्णाचा थोडा अपमान करणारी वाटते. परंतु ही पद्धत प्रत्यक्ष राबवणाऱ्या समुपदेशकांच्या आणि परिचारिकांच्या अनुभवातून दिसते ते असे, की बक्षिसाची किंमत हा तिचा सर्वांत गौण भाग असतो आणि खरे कष्ट पडतात ते बक्षीस वेळेवर, न चुकता आणि तपासणीच्या आधाराने माणसाच्या हाती पोहोचवण्यात. मद्यसेवन विकार म्हणजे नुसते पुष्कळ पिणे नव्हे. पिण्यावरचा ताबा सुटणे, ठरवूनही थांबता न येणे, प्रकृती, नोकरी आणि घर यांची पडझड डोळ्यांसमोर होत असतानाही पीत राहणे, अशा लक्षणांवरून त्याचे निदान होते. अशा माणसाला दारू सोडण्याचे फायदे ठाऊक नसतात असे मुळीच नाही. पण यकृत सावरायला, कर्ज फिटायला, घरच्यांचा विश्वास परत बसायला महिने आणि वर्षे लागतात, आणि पेल्यातून मिळणारा आराम मात्र काही मिनिटांवर असतो.

हे अंतर भरून काढण्यासाठी ‘कंटिन्जन्सी मॅनेजमेंट’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत पुढे आली. तिचा नियम सोपा आहे: ठरलेले वर्तन, म्हणजे इथे दारू न पिणे, तपासणीने सिद्ध झाले तरच ठरलेले बक्षीस त्याच वेळी द्यायचे, आणि सिद्ध झाले नाही तर रागावणे, हिणवणे, उपचारातून काढून टाकणे यांपैकी काहीही न करता फक्त त्या वेळचे बक्षीस रोखायचे. कोणतेही वर्तन पुन्हा घडेल की नाही हे त्या वर्तनापाठोपाठ काय मिळते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हा मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेला विचार या पद्धतीच्या मुळाशी आहे. दारूच्या बाबतीत त्याचा एक प्रारंभीचा प्रयोग १९७५ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात पीटर मिलर यांनी केला. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन वारंवार अटक होणाऱ्या २० पुरुषांपैकी निम्म्यांना निवारा, जेवण, कपडे आणि रोजगार यांची मदत ते नशेत नसतील तरच मिळेल अशी व्यवस्था करण्यात आली, तेव्हा त्यांच्या अटका घटल्या आणि कामाचे तास वाढले. उरलेल्यांना तशीच मदत विनाअट मिळत होती आणि त्यांच्यात तसा फरक पडला नाही. मदत दोन्ही गटांना होती, अट एकाच गटाला होती, ही या प्रयोगातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

पुढे व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या व्यसनासाठी व्हाउचर देण्याची पद्धत विकसित केली, आणि ती परिणामकारक असली तरी खर्चिक असल्यामुळे कनेक्टिकट विद्यापीठातल्या नॅन्सी पेट्री यांनी तिला चिठ्ठ्यांच्या बाऊलचे रूप दिले. दारूवर अवलंबून असलेल्या ४२ माजी सैनिकांवर केलेला त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या उपचारात बक्षीस मिळणाऱ्या गटातले ८४ टक्के शेवटपर्यंत टिकले, तर नेहमीच्या उपचाराच्या गटातले २२ टक्केच टिकले, आणि दारूपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९ आणि ३९ टक्के होते. ज्यांनी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात थोडेही काम केले आहे त्यांना यातला पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा अधिक बोलका वाटेल, कारण या कामातली रोजची हार माणूस पितो ही नसून तो येईनासा होतो ही असते.

पुढे रूढ झालेल्या बाऊलमध्ये ५०० चिठ्ठ्या असतात. त्यांतल्या २५० चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी लिहिलेली असते, २०९ चिठ्ठ्यांवर सुमारे एक डॉलरचे लहान बक्षीस, ४० चिठ्ठ्यांवर वीस डॉलरच्या आसपासचे मोठे बक्षीस आणि एकाच चिठ्ठीवर शंभर डॉलरचे. तपासणी निर्मळ आली की चिठ्ठी काढायला मिळते, सलग निर्मळ येत गेली की काढायच्या चिठ्ठ्या एकेकाने वाढत जातात, आणि एकदा दारू आढळली किंवा माणूस न कळवता गैरहजर राहिला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. रचना इतकी कोरडी असली तरी ती पाहणाऱ्याला त्यात वेगळेच काही दिसते. बाऊलमध्ये हात घालून तळाशी चाचपणारा, चिठ्ठी उलगडण्याआधी क्षणभर थांबणारा माणूस हा बऱ्याच वर्षांनी दारूखेरीज दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत असतो. कोरी शाबासकी निघाली तरी ती समुपदेशक मोठ्याने वाचून दाखवतो, आणि ज्याला गेल्या कित्येक वर्षांत कोणी ‘छान केलेस’ असे म्हटलेले नाही अशा माणसावर त्या दोन शब्दांचा होणारा परिणाम हा संख्याशास्त्राच्या कोष्टकात मावत नाही. लहान बक्षिसांमध्ये साबण, मोजे, बसचा पास, कॉफीचे कूपन अशा वस्तू असतात, आणि रस्त्यावर दिवस काढणाऱ्याच्या लेखी मोज्यांचा जोड ही लहान गोष्ट नसते.

असे असूनही दारूच्या बाबतीत ही पद्धत बरीच वर्षे मागे राहिली, याचे कारण रुग्णांत नव्हते, तपासणीत होते. कोकेन घेतल्याचा पुरावा लघवीत दोन-तीन दिवस राहतो, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा तपासले तरी पुरते. दारूचा अंश मात्र श्वासातून काही तासांतच नाहीसा होतो, आणि रात्री प्यायलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी दुपारी श्वासमापक यंत्रात फुंकले तर यंत्र शून्य दाखवू शकते. बक्षीस देणे-न देणे ज्या पुराव्यावर अवलंबून असते तोच असा निसटता असेल तर सगळी रचना ढासळते, कारण पिऊनही बक्षीस मिळाले तर ते पिण्यालाच मिळालेले बक्षीस ठरते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याने २०११ पासून आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२३ पासून ही पद्धत सरकारी खर्चाने राबवायला घेतली, तेव्हा ती दारूसाठी नव्हे तर कोकेन आणि मेथॲम्फेटामाइनसारख्या उत्तेजक द्रव्यांसाठी घेतली, यामागे तपासणीची ही अडचणही होती.

ही कोंडी दोन बाजूंनी फुटत गेली. दारूचे शरीरात विघटन होताना इथाइल ग्लुकुरोनाइड, संक्षेपाने ईटीजी, नावाचे द्रव्य तयार होते आणि ते लघवीत दोन-तीन दिवस, कधी त्याहून अधिक काळ सापडते. वॉशिंग्टन राज्यातले मायकेल मॅक्डोनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तपासणीवर आधारलेला बारा आठवड्यांचा उपचार गंभीर मानसिक आजार आणि दारूचे अवलंबन असे दुहेरी ओझे असलेल्या ७९ जणांवर करून पाहिला, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बक्षीस मिळणाऱ्यांकडून निर्मळ नमुना येण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. दुसरे द्रव्य म्हणजे फॉस्फॅटिडिलइथेनॉल, ज्याला प्रयोगशाळेत ‘पेथ’ म्हणतात. ते तांबड्या रक्तपेशींच्या आवरणात केवळ दारूच्या उपस्थितीतच तयार होते, दोन ते चार आठवडे मागे वळून पाहू शकते, आणि महत्त्वाचे म्हणजे कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही मोजता येते. थेंब कागदावर सुकवता आला की तो टपालाने पाठवता येतो, आणि टपालाने पाठवता आला की दवाखाना शंभर मैल दूर असला तरी उपचार अडत नाही.

दूरस्थ उपचार म्हणजे इथे फोनवर चौकशी करणे एवढेच नव्हे. तपासणी, निकाल, संभाषण आणि बक्षीस हे चारही दुवे माणूस आपल्या घरी किंवा कामाच्या जागी असतानाच जुळवून आणणे असा त्याचा अर्थ. व्हर्जिनियातल्या रोआनोक येथे मिखाइल कॉफार्नस, वॉरन बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० जणांना खिशात मावणारी श्वासमापक यंत्रे दिली. दिवसातून तीनदा फुंकायचे, यंत्राने त्याच वेळी छायाचित्र काढून फुंकणारा तोच माणूस असल्याची खात्री करायची आणि निकाल मोबाइलच्या जाळ्यातून थेट केंद्राकडे पाठवायचा, अशी व्यवस्था होती. तीन आठवड्यांच्या त्या काळात बक्षीस निकालावर अवलंबून असलेल्या गटात दारूविरहित दिवसांचे प्रमाण ८५ टक्के होते, आणि तेवढेच पैसे निकाल काहीही आला तरी मिळणाऱ्या गटात ३८ टक्के. जॅक्सनमधल्या जुन्या प्रयोगाशी याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की त्या वेळी तपासायला दुसरा माणूस लागत होता आणि इथे यंत्र रुग्णाच्याच खिशात होते.

अशा व्यवस्थेत काम करणाऱ्याचा दिवस कसा जातो हे जवळून पाहण्यासारखे आहे. सकाळचे निकाल पडद्यावर येऊ लागतात; कोणी कामावर जाण्याआधी गाडीत बसून फुंकलेले असते, कोणी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. फुंकण्याआधी पंधरा मिनिटे काही खाऊ-पिऊ नये, माउथवॉशने चूळ भरू नये, हे सुरुवातीलाच समजावून द्यावे लागते, कारण तोंडात राहिलेल्या अंशामुळे यंत्र चुकीचा आकडा दाखवते; हातांना लावायच्या सॅनिटायझरचा अतिरेक झाला तर ईटीजीची तपासणीही बिघडू शकते. अशा एका खोट्या निकालाने महिन्याभराचा विश्वास जातो, म्हणून संशयास्पद आकडा दिसला की बक्षीस रोखण्याआधी पुन्हा फुंकायला सांगण्याचा शहाणपणा अनुभवी समुपदेशकाकडे असतो. निकाल निर्मळ आला की त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, रकमेची नोंद होते आणि निरोप जातो. दारू विकत घेता येणार नाही अशी खरेदी-कार्डे यासाठी वापरली जातात. कार्डावर रक्कम दोन दिवस उशिरा जमा झाली, यंत्रणेत काही बिघाड होऊन निरोप गेलाच नाही, असे घडले की त्याचा परिणाम रकमेच्या मानाने फार मोठा होतो. ज्याला आयुष्यभर आश्वासनेच मिळाली आणि ज्याने स्वतःही घरी आश्वासनेच दिली, अशा माणसाला इथे प्रथमच दिलेला शब्द पाळणारी एक व्यवस्था भेटलेली असते, आणि तीही डळमळली तर त्याला फारसे आश्चर्य वाटत नाही, तो नुसता गप्प होतो.

तपासणीमुळे माणसावर अविश्वास दाखवला जातो असा आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट घडते. दारूच्या घरात प्रत्येक संध्याकाळ ही चौकशीची संध्याकाळ असते. दार उघडताना बायको तोंडाचा वास घेते, आई चालीकडे बघते, मुले आवाजावरून ओळखतात, आणि प्यायला नसेल त्या दिवशीही त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ‘नाही प्यालो’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा खोटे म्हटलेले असते की खरे असतानाही ते निरुपयोगी झालेले असते. ही सिद्ध करण्याची जबाबदारी यंत्राने उचलली की समुपदेशकालाही उलटतपासणी घ्यावी लागत नाही. ‘काल प्यायलात का?’ हा प्रश्नच संभाषणातून निघून जातो आणि त्या जागी ‘कालची संध्याकाळ कशी काढली?’ हा प्रश्न येतो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच उपचाराचा मालमसाला असतो: कोणत्या रस्त्याने घरी आला, कोणाचा फोन उचलला नाही, पगाराच्या दिवशी कोणाला बरोबर घेतले. या पद्धतीचे सामर्थ्य बक्षिसापेक्षाही इथे अधिक आहे असे म्हणावेसे वाटते.

निकाल वाईट येतो तो दिवस कसोटीचा. नियमाप्रमाणे मोजणी मागे जाते, आणि ते सांगताना आवाजात दटावणी येऊ द्यायची नाही, पण खोटे सांत्वनही करायचे नाही. ‘आज बक्षीस नाही, उद्या सकाळी पुन्हा आहे’ इतके सांगून पुढच्या तपासणीची वेळ पक्की करणे, हे ऐकायला सोपे आणि करायला अवघड काम आहे. त्याहून अवघड म्हणजे निकाल न येणे. दवाखान्यात माणूस आला नाही तर रिकामी खुर्ची दिसते. दूरस्थ उपचारात मात्र नुसती नोंद रिकामी राहते आणि तिचा अर्थ लावावा लागतो: बॅटरी संपली, रात्रपाळी होती, फोन गहाण पडला, की पिणे पुन्हा सुरू झाले? समोर बसलेल्या माणसाचे थरथरणारे हात, पिवळसर डोळे, न विंचरलेले केस हे जे काही न विचारता कळते ते दूरवरून कळत नाही, आणि म्हणूनच फोन न उचलणाऱ्याला त्याच दिवशी पुन्हा फोन करणे हा इथे सौजन्याचा नव्हे तर उपचाराचा भाग ठरतो.

इथे एका धोक्याकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात त्याच्याकडे दुर्लक्ष होते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, भास, तीव्र कंप, ताप आणि वाढलेले ठोके अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. उद्याच्या निर्मळ निकालाला बक्षीस लावणारी पद्धत अशा माणसाला नेमके एकदम थांबण्याकडे ढकलते, आणि तो त्या वेळी घरी एकटा असेल तर ती मदत न राहता अपघाताचे कारण होईल. त्यामुळे आधी कधी फिट आली होती का, सकाळी उठल्यावर हात कापतात का, रोज किती लागते, याची डॉक्टरांकडून तपासणी झाल्याशिवाय, आणि गरज असेल तिथे औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व देऊन किंवा रुग्णालयात ठेवून दारू बंद केल्यावरच्या त्रासाचा हा काळ (विड्रॉल) पार पाडल्याशिवाय बक्षिसांची पहिली नोंद होता कामा नये.

लाच देऊन माणूस सुधारतो का, हा प्रश्न अर्थातच विचारला जातो, आणि त्याचा परिणाम धोरणावरही झाला आहे. अमेरिकेत केंद्रीय अनुदानातून द्यायच्या बक्षिसांवर अनेक वर्षे एका रुग्णामागे वर्षाला ७५ डॉलरची मर्यादा होती, म्हणजे अभ्यासांत परिणामकारक ठरलेल्या रकमेचा छोटासा अंश. लाच चुकीच्या कामासाठी दिली जाते, आणि इथे जे काम करवून घेतले जाते ते रुग्णानेच मागितलेले असते, एवढे उत्तर पुरेसे व्हावे. अधिक गंभीर प्रश्न बक्षिसे थांबल्यानंतर काय होते हा आहे, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर काहींचा परिणाम टिकतो, अनेकांचा ओसरतो. ज्यांनी उपचाराच्या आठवड्यांत काम, सोबती, झोप आणि संध्याकाळ यांची नवी घडी बसवली ते टिकून राहतात. ज्यांची संध्याकाळ रिकामीच राहिली ते परत वळतात. अमेरिकेतल्या मूलनिवासी आणि अलास्का-निवासी समाजांत १५८ प्रौढांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचाराची मांडणी त्या समाजांशी सल्लामसलत करून केली होती, आणि परिणाम माफक पण खरा होता. ज्या समाजांवर बाहेरून उपचार लादण्याचा इतिहास आहे तिथे विचारून केलेल्या कामाचे हे फळ कमी मानता येणार नाही.

भारतात हा विचार कुठे बसतो? सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या अहवालानुसार दारूच्या अवलंबनाने ग्रासलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळालेला होता. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की मानसोपचाराची पदवी नसलेले पण नीट प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक मोजक्या भेटींत फरक घडवू शकतात; तीन महिन्यांनी दारूपासून दूर राहिल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्या गटात ४२ टक्के आणि नेहमीच्या उपचारात १८ टक्के होते. त्यात बक्षिसे नव्हती आणि प्यायलो-न प्यायलो हे रुग्णाच्या सांगण्यावर ठरत होते, पण ज्या माणसांवाचून ही पद्धत उभीच राहू शकत नाही ती माणसे इथे तयार होऊ शकतात हे त्यातून सिद्ध झाले. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे गट त्याहून आधीपासून, व्यसनमुक्तीची वर्षे जाहीरपणे साजरी करत आले आहेत. ‘एक दिवस फक्त’ म्हणत काढलेल्या दिवसांची मोजणी आणि टाळ्या इथे परक्या नाहीत. नाही ती त्या मोजणीमागची रोजची तपासणी आणि हाती येणारी वस्तू. पेथची तपासणी तालुक्याच्या गावी होण्यासारखी नाही, पण श्वासमापक यंत्र आणि व्हिडिओ कॉल आहे, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, आणि बक्षीस म्हणून मोबाइलचा रिचार्ज, किराणा किंवा मुलांच्या वह्या चालतील; रोख रक्कम चालणार नाही हे सांगायला नको.

मात्र एक गोष्ट इथे अमेरिकेपेक्षा निराळ्या रीतीने सोडवावी लागेल. तिथे निकाल सहसा रुग्ण आणि समुपदेशक यांच्यातच राहतो. मराठी घरात फोन एकाचा असला तरी तो सगळ्यांच्या हातात फिरतो, आणि सकाळचा निकाल वडिलांनी, थोरल्या भावाने, कधी शेजाऱ्यानेही वाचलेला असेल. पत्नीला निकाल कळावा अशी रुग्णाचीच इच्छा पुष्कळदा असते आणि तिला तो कळल्याने घर शांत होते हेही खरे; पण वाईट निकालाच्या दिवशी त्याच माहितीवरून भांडण होऊन मार तिलाच पडू शकतो. तेव्हा निकाल कोणाला कळवायचा, वाईट आल्यास तो कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचा, आणि त्या संध्याकाळी तिने कोणाला फोन करायचा, हे पहिल्या भेटीतच रुग्णाशी आणि तिच्याशी स्वतंत्रपणे बोलून ठरवावे, लिहून ठेवावे, आणि दर पंधरवड्याला तिला वेगळे विचारून त्यात बदल करावा.